उतारावरचे पाच दगड

रूपराव पाटील वासुदेवरावांच्या घरी आले तेव्हा एकोणीसशे चौपन्नची संक्रांत होऊन आठवडा झाला होता.

वासुदेवराव पिंपळखुटे वर्धेच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. तरुणपणी मुंबईला राहून ते दगडातलं आणि धातूतलं शिल्पकाम शिकून आले होते, पण वर्धेत त्याला विचारणारं कोणी नव्हतं. पंधरा वर्षांत एका शेटजींच्या वडिलांचा अर्धपुतळा आणि दोन-तीन देवळांचे नंदी, एवढंच काम त्यांच्या हाताला लागलं होतं. बाकी मुलांकडून तांब्या-पेला काढून घेणं. त्यामुळे धामखेडचे पाटील दारात उभे राहून पुतळे करायचे आहेत असं म्हणाले, तेव्हा वासुदेवरावांना ते आधी खरंच वाटेना.

पाटील पन्नाशीचे, उंच, धिप्पाड गृहस्थ. पण खुर्चीवर ते अगदी टोकाशी बसले आणि बोलताना जमिनीकडे पाहत राहिले. गेल्या भादव्यात त्यांच्या नदीपलीकडच्या वावरात सहा बाया निंदायला गेल्या होत्या. दुपारनंतर वरच्या अंगाला आभाळ काळंभोर झालं. बाया म्हणाल्या, पाटील, आम्हाला जाऊ द्या, नदीचा भरवसा नाही. पाटील म्हणाले, हातातली पात तेवढी पुरी करा. बायांनी निंदणीची ती ओळ पुरी केली. त्या उतारावर, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागी आल्या तोवर धाम नदी चढली होती. एकमेकींचे हात धरून त्या पाण्यात शिरल्या. पाच जणी गेल्या. एक वाचली.

पाटलांना उतारावर त्या पाच जणींचे संगमरवरी पुतळे हवे होते. खर्च सगळा त्यांचा.

"माह्या हातून झालं, मास्तर," ते म्हणाले. "ते लोकायले रोज दिसलं पायजे. मलेही दिसलं पायजे."

पुढच्या रविवारी वासुदेवराव सायकलवर पवनारवरून धामखेडला गेले. थंडीचे दिवस होते. नदीला घोट्याएवढं पाणी होतं आणि पात्रभर काळे खडक उघडे पडले होते. हजारो वर्षं पाण्यानं घासून त्यांना गोलावा आला होता. कुठे खांद्यासारखा, कुठे वाकलेल्या पाठीसारखा. वासुदेवराव काठावर तासभर बसून राहिले. इथे पांढरा संगमरवर ठेवला तर तो दातात अडकलेल्या खड्यासारखा दिसेल, हे त्यांना तिथेच कळलं. या बाया इथल्याच काळ्या दगडाच्या हव्यात. नदीनंच त्यांना घडवलं आहे असं वाटलं पाहिजे. आणि त्या काठावर चबुतऱ्यावर नकोत, पाण्यात हव्यात, बाकीच्या खडकांमध्ये उभ्या. उन्हाळ्यात त्यांच्या पायाशी वाळू असावी, पावसाळ्यात कमरेला पाणी लागावं.

पाटलांना हे पटवायला दोन महिने लागले. संगमरवर नाही म्हटल्यावर ते नाराज झाले होते. पण वासुदेवरावांनी कोळशानं मोठमोठी चित्रं काढून नेली आणि एक गोष्ट अशी सांगितली की पाटील एकदम तयार झाले. काठाजवळच्या पहिल्या दगडाला, गुडघ्याच्या उंचीवर, तांब्याची पट्टी बसवायची. पाणी पट्टीच्या खाली असेल तर उतरावं. तांबं बुडालं असेल तर काठावरच थांबावं. गेलेल्या बाया येणाऱ्या-जाणाऱ्यांना सावध करतील. हे ऐकून पाटलांनी डोळे पुसले.

दगड घडवायला गावातलेच नत्थूजी मदतीला आले. पाटे, जाती, उखळं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. दगडाशी कान नेऊन हातोडी मारायची आणि आवाजावरून आत चीर आहे की नाही ते सांगायचं, ही त्यांची रीत. बोलणं फार थोडं. दोघांनी मिळून नदीकाठच्या खाणीतले पाच दगड निवडले. पुरुषभर उंचीचे. शाळा सुटली की वासुदेवराव सायकल काढत, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर तिथेच राहत. त्यांनी चेहरे केले नाहीत. डोक्यावर गवताचा भारा, वाकलेली मान, पदर खोचलेला. एवढंच सुचवलं आणि बाकीचा दगड दगडच राहू दिला.

काम चाललेलं असताना एक बाई दुपारची येऊन काठावर बसायची. ती यशोदा, वाचलेली. पंचवीस-सव्वीस वर्षांची. गेलेल्यांमध्ये तिची नणंद नलू होती. पहिले काही दिवस ती नुसतीच बसली. मग एकदा नत्थूजी जेवायला घरी गेले असताना ती वासुदेवरावांजवळ आली आणि तिनं विचारलं, यातली नलू कोणती? वासुदेवरावांनी तसं काही ठरवलं नव्हतं. तिनंच रांगेत शेवटी उभ्या राहायच्या दगडाकडे बोट दाखवलं.

"आमी साऱ्या हात धरून होतो," ती म्हणाली. "मी सगळ्यात मांगं. माह्या हातात नलूचा हात. तिचा पाय सरकला तं म्या हात सोडला, मास्तरजी. सुटला असं मी सगळ्यायले सांगतलं. सुटला नाई. म्या सोडला."

एवढं सांगून ती निघून गेली. हे तिनं घरात कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून वासुदेवरावांच्या मनातलं चित्र बदललं. पाच दगड सुटे उभे राहिले तर ते नुसते पाच दगड दिसतील. त्यांना हात हवेत. त्यांनी गाडीच्या चाकांच्या जुन्या लोखंडी धावा गोळा केल्या, गावच्या लोहाराकडून तापवून सरळ केल्या, ठोकून जाड पट्ट्या केल्या. एका दगडातून निघालेली पट्टी दुसऱ्या दगडात जाणार, कमरेच्या उंचीवर, अशा चार. आणि शेवटच्या दगडातून, नलूच्या, दुसऱ्या काठाकडे पसरलेला एक हात. तो कोणाच्याच हातात नाही.

नत्थूजींनी त्या पट्ट्या उलटून-पालटून पाहिल्या. मग म्हणाले, "दगड उभे करा. दगडाले बगल देऊन पानी जाते. पन हे लोखंड नका लावू. पुरात पऱ्हाट्या येतात, बाभळी येतात. अडकल्या का बांध होते."

वासुदेवरावांनी त्यांना समजावलं की कपाशीच्या काटक्या निघून जातील एवढी फट पट्ट्यांमध्ये आहे. अडकलं तर काढून टाकता येईल, पाटलांची माणसं आहेतच. नत्थूजींनी मान हलवली. ती होकाराची नव्हती, पण वासुदेवरावांनी ती होकाराची धरली. लोखंडाशिवाय हे काम काहीच नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून काहीतरी खरं होत होतं.

पंचावन्नच्या चैत्रात खडकात भोकं पाडून, शिसं ओतून, पाच दगड उतारावर तिरक्या रांगेत उभे राहिले. रांगेच्या वरच्या अंगाला नदी आणि खालच्या अंगाला वाळू-गोट्यांची वाट, जिच्यावरून माणसं आणि बैलगाड्या जात. संध्याकाळचं ऊन पडलं की त्या खरंच नदीतून वर आल्यासारख्या दिसत. लांबून येणारा माणूस थबके. पाण्यात कोणी उभं आहे असं त्याला वाटे. नागपूरच्या एका वर्तमानपत्रात फोटो छापून आला. नागपूरहून दोन-तीन कलाकार मंडळी पाहायला आली. त्यातल्या एकांनी वासुदेवरावांचे दोन्ही हात हातात घेतले. विमलाबाईंनी, म्हणजे वासुदेवरावांच्या पत्नीनं, तो फोटो कापून देवघराशेजारी लावला.

त्या पावसाळ्यात नदी दोनदा चढली. पट्ट्यांना काटक्या-गवत अडकलं आणि पाटलांच्या माणसांनी ते काढलं. दसऱ्याला वासुदेवराव गेले तेव्हा नत्थूजींनी त्यांना उतारावर नेलं आणि दगडांच्या खालच्या बाजूला पाय रोवून दाखवला. वाळू वीतभर खाली गेली होती. अडलेलं पाणी लोखंडाखालून मुसंडी मारतं आणि वाळू उकरतं, असं नत्थूजींचं म्हणणं होतं. वासुदेवरावांनी चार टोपल्या गोटे टाकून खड्डा भरून घेतला. पुढच्या वर्षी पाहू, म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांनी पाहिलं नाही. छप्पन्नच्या पावसाळ्यात त्यांना नागपूरहून पत्र आलं होतं. एका मोठ्या बागेत, तळ्याच्या काठी, दगड आणि धातूचं काम करायचं होतं. त्याचे नमुने काढण्यात श्रावण गेला, भादवा गेला. पाऊस जबर झाला. धाम सहा-सात वेळा चढली. एका पुरात आख्खी बाभूळ येऊन पट्ट्यांवर आडवी पडली आणि चार दिवस तशीच राहिली, कारण पाणी ओसरेना. हे सगळं वासुदेवरावांना नंतर कळलं.

अश्विनात उघडीप पडली. एका दुपारी बंडूजी बाजारातून गाडी घेऊन येत होते. साठीचे, अख्ख्या गावात सगळ्यात सावकाश गाडी हाकणारे म्हणून त्यांची ओळख. यशोदा माहेराहून परत येत होती, तिला त्यांनी वाटेत गाडीत बसवून घेतलं होतं. उतारावर येऊन त्यांनी बैल थांबवले. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. बंडूजी गाडीतून उतरले, काठापर्यंत गेले, पहिल्या दगडाकडे पाहिलं आणि परत आले. तांबं चार बोटं पाण्याच्या वर होतं, कोरडं. यशोदेला म्हणाले, काही फिकीर नाही, बस. आणि बैलांना आत घातलं.

पाणी गुडघ्याएवढंच होतं. पण तिसऱ्या दगडाखाली आले आणि बैल एकदम दिसेनासे झाले. तिथे जमीनच नव्हती. गाडी बैलांवर उलटली. यशोदा फेकली गेली, पाण्यानं तिला फिरवलं आणि तिच्या हाताला लोखंड लागलं. शेवटच्या दगडाचा तो काठाकडे पसरलेला हात. त्याला ती लटकून राहिली. पलीकडच्या वावरातल्या लोकांनी धावत येऊन तिला काढलं. बंडूजी दुसऱ्या दिवशी दोन मैल खाली सापडले. एक बैल जोखडासकट डोहात गेला.

शाळेत निरोप आला तेव्हा वासुदेवराव तिसऱ्या वर्गाला केळीचं पान काढायला शिकवत होते. ते तसेच निघाले. उतारावर पोचले तेव्हा पंचनामा होऊन गेला होता. पुराच्या पाण्यात गाडी घातल्यामुळे मृत्यू, असा. नत्थूजी काठावर एकटेच उभे होते, हातात लांब बांबू. वासुदेवरावांना पाहून ते पाण्यात शिरले, तिसऱ्या दगडाला धरून उभे राहिले आणि त्यांनी बांबू खाली सोडला. बांबू गेला, गेला, त्यांच्या डोक्याच्या उंचीएवढा गेला. मग त्यांनी तो वर काढून काठावर ठेवला. मी सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर वासुदेवरावांना सोपं गेलं असतं.

पाटलांच्या ओसरीवर ते दोघंच बसले तेव्हा वासुदेवरावांनी सगळं सांगितलं. लोखंडानं बांध झाला, पाण्यानं तळ उकरला. तांबं खरं बोललं, पाणी कमीच होतं, पण खाली जमीन उरली नव्हती. पाटील ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"कोनाले सांगू नका," ते म्हणाले. "पाच माह्या नावावर हायेत, मास्तर. त्यायच्यासाठी म्या हे केलं. आता हा सहावाही माह्याच नावावर टाकता काय?"

वासुदेवराव उठून घरी आले. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. शाळेत जात, फळ्यावर चित्र काढत, परत येत. विमलाबाईंनी विचारलं तर पित्त झालं आहे म्हणाले. नागपूरच्या बागेचे नमुने टेबलावर पडून राहिले. दिवाळी गेली. त्याच दिवसांत वर्धा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेली, शिक्षकांच्या खोलीत रोज त्याच्या चर्चा चालत, आणि वासुदेवराव खिडकीबाहेर बघत बसत. त्यांना स्वप्नात बंडूजी दिसत नसत. दिसायचा तो बांबू, खाली जाणारा.

मार्गशीर्षात धामखेडचा एक माणूस शाळेत मुलाचा दाखला घ्यायला आला होता. त्याच्या बोलण्यातून वासुदेवरावांना कळलं की गावात लोक बंडूजींना बोल लावतात. म्हातारपणी अक्कल गेली, पाणी न बघता गाडी घातली, परक्याच्या लेकीचा जीव घेतला असता. त्यांच्या बायकोला, लीलाबाईंना, विहिरीवर बायका टोमणे मारतात.

त्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर वासुदेवराव सायकल काढून निघाले. पाटलांकडे गेले नाहीत. सरळ लीलाबाईंच्या घरी गेले.

लीलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी पाटावर बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या. वासुदेवराव वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं विसरले.

"लीलाबाई, बंडूजी पुरानं नाही गेले," ते म्हणाले. "माझ्या कामानं गेले."

मग त्यांनी लोखंड, बाभूळ, वाळू, बांबू, सगळं क्रमानं सांगितलं. लीलाबाईंचे हात हळूहळू थांबले.

"तुमाले ठावं होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या वर्षी वाळू गेलेली मी पाहिली होती. नत्थूजींनी तर आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"काऊन नाई ऐकलं?"

या प्रश्नाला द्यायला त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते त्या अंगणात उच्चारण्यासारखं नव्हतं. ते छान दिसत होतं म्हणून, असं कसं म्हणायचं? लीलाबाईंनी मांडीवरची टरफलं खाली झटकली.

"दोन महिने झाले, म्या रोज त्यायले शिव्या देऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, जन्मभर सावकाश गाडी हाकली अन् शेवटाले एवढी घाई काय होती. लोक म्हनत, तं मलेही वाटे खरंच असंन. अन् ते तं तुमचं तांबं पाहून गेले." जरा थांबून म्हणाल्या, "माह्या कानात सांगून काय फायदा, गुरजी? चार लोकांत सांगा. त्यायच्या नावावरचा दोष काढा."

दुसऱ्या दिवशी रविवारी चावडीसमोर लोक जमले. पाटील येणार नाहीत असं वाटलं होतं, पण ते आले आणि सगळ्यांत मागे उभे राहिले. वासुदेवराव उभे राहून बोलले. बंडूजींनी गाडी थांबवली होती, खाली उतरून खूण पाहिली होती, त्यांची काही चूक नव्हती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. खूण माझी, लोखंड माझं, आणि मला सावध केलेलं असताना मी ते लावलं, हेही सांगितलं. लोक एकदम भडकले नाहीत. ते भडकले असते तर बरं, असं वासुदेवरावांना वाटलं. एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं की आता त्याचं काय करायचं.

लोखंड काढायचं, असं वासुदेवराव म्हणाले.

तेव्हा बायकांमधून यशोदा उठली. त्या लोखंडानं मी वाचले, ती म्हणाली, ते कसं काढता? ती वासुदेवरावांकडे पाहत होती आणि त्यांच्या लक्षात आलं की तिला भीती वाटते आहे. तिनं एकदा विश्वासानं सांगितलेलं आता आपण चार लोकांत बोलू की काय, याची. त्यांनी मान खाली घातली.

नंतर ती त्यांना पांधणीत, गावाबाहेर पडायच्या वाटेवर भेटली. नलूचा एक हात तेवढा राहू द्या, तो काठाकडे आहे, तिथे प्रवाह नाही, असं तिनं विनवलं. रोज जाता-येता ती त्याला हात लावायची. वासुदेवरावांना ते माहीत होतं. लोखंडाचा तेवढा भाग गंजला नव्हता, गुळगुळीत झाला होता. ते परत फिरून नत्थूजींकडे गेले आणि त्यांनी विचारलं, तो एक हात ठेवला तर चालेल का? नत्थूजींनी बराच विचार केला.

"मोठ्या पुरात काठालेही पानीच असते," ते म्हणाले. "एक काडी अडकली का काडीवर काडी येते."

या वेळी वासुदेवरावांनी ऐकलं. यशोदेला जाऊन नाही म्हणून सांगणं त्यांच्यावरच होतं.

"तो काढाल तं माह्यापाशी काय राह्यते?" ती म्हणाली, आणि त्यानंतर ती त्यांच्याशी कधीही बोलली नाही.

चैत्रात नदी आटल्यावर लोखंड काढलं. शिशात बसलेल्या पट्ट्या निघता निघेनात. लोहार आणि नत्थूजी छिन्नीनं तोडत होते, वासुदेवराव घण मारत होते. दोन दगडांची टोकं उडाली. पाचवा, नलूचा हात त्यांनी स्वतः तोडला. तांब्याची पट्टी उचकटली. पाटील सगळा वेळ काठावर बसून होते. काम संपल्यावर त्यांनी विचारलं, दगडही काढायचे काय? नत्थूजी म्हणाले, दगड राहू द्या, दगडांनी काही केलं नाही. पाच दगड तसेच उभे राहिले, कमरेला भोकं पडलेले.

वासुदेवरावांनी तहसिलीत लेखी जबाब दिला की पंचनाम्यात दुरुस्ती करावी. तिथल्या कारकुनानं तो वाचला आणि प्रकरण निकाली निघालं आहे म्हणून सांगितलं. कागद मात्र ठेवून घेतला. शाळेच्या मंडळानं वासुदेवरावांना बोलावून घेतलं, शाळेचं नाव खराब होतं अशी समज दिली. नागपूरच्या बागेचं काम त्यांनी पत्र लिहून सोडून दिलं, ते दुसऱ्या कोणाला तरी मिळालं. विमलाबाईंनी देवघराशेजारचा फोटो काढून ठेवला.

जुना उतार आता कामाचा राहिला नव्हता. खड्डा भरला तरी लोकांचा पाय तिथे पडेना. नत्थूजींनी नदीचं पात्र पालथं घातलं आणि फर्लांगभर वर एक जागा काढली, जिथे वाळूखाली लगेच सलग खडक लागत होता. तिथे दगडाच्या रुंद, सपाट चिपा बसवून वाट करायची असं ठरलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. वासुदेवराव धामखेडला राहायला गेले. पाटलांनी गाड्या दिल्या, आणि चार-सहा दिवसांनी स्वतःच कुदळ घेऊन यायला लागले. सूर्य वर आला की थांबायचं, उतरला की पुन्हा लागायचं. चिपांवर काही कोरायचं नव्हतं. पाण्याला अडेल असं काही वर येऊ द्यायचं नव्हतं. तळाच्या उंचीला तळ, एवढंच. वासुदेवरावांना हे काम अवघड गेलं. त्यांचा हात सारखा गोलाव्याकडे जाई आणि नत्थूजी त्यांच्या हातातली छिन्नी काढून घेत.

मृग लागायच्या आत बत्तीस चिपा बसल्या. पाणी घोट्याइतकंच होतं. पहिल्या दिवशी पुरुष गेले, गाड्या गेल्या. यशोदा आली नाही. ती लांबून, पवनारच्या रस्त्यानं पूल धरून जायला लागली होती. दुपारी लीलाबाई आल्या, डोक्यावर टोपली, एकट्याच. वासुदेवराव काठावर हत्यारं धूत होते, ते उठून उभे राहिले. लीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाण्यात पाय घातला आणि प्रत्येक चिपेवर दोन्ही पाय ठेवून, जरा दाबून, मग पुढची गाठली. मध्यावर जाऊन त्या थांबल्या. एका चिपेवर पुढे-मागे झाल्या. मग काठाकडे वळून बोलल्या.

"हे अठरावी हालून राह्यली, गुरजी."

वासुदेवरावांनी पहार उचलली आणि ते पाण्यात शिरले. लीलाबाई बाजूच्या चिपेवर सरकल्या आणि ती नीट बसेपर्यंत टोपली डोक्यावर घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.